सत्तेचाळिसावं गुणसूत्र

(उपवासकाळातल्या व्याख्यानमालेत वसईच्या एका निवृत्त जीवशास्त्र शिक्षिकेनं दिलेलं व्याख्यान, थोडं संपादन करून.)

फादर, सिस्टर्स आणि माझ्या बंधुभगिनींनो,

विषय जाहीर झाल्यापासून तिघाचौघांनी मला वाटेत गाठून विचारलं, ‘टीचर, उत्क्रांतीवर बोलणार ना? ते सगळं खोटं आहे, हे एकदा आमच्या मुलांना सांगा.’ म्हणून आधी तेच बोलून टाकते. मी तसं सांगणार नाही. बत्तीस वर्षं अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवलं, त्यात उत्क्रांती शिकवली, आणि रविवारी मिस्साला जाताना आपण काही लपवतोय असं मला कधी वाटलं नाही. गुणसूत्रं म्हणजे पेशीतले आनुवंशिक गुण वाहणारे धागे. चिंपांझीच्या पेशीत ती ४८ असतात, आपल्या पेशीत ४६. आपलं दुसऱ्या क्रमांकाचं गुणसूत्र तपासलं तर दोन टोकं एकमेकांना चिकटल्याची खूण त्यात आजही सापडते. पूर्वीची दोन गुणसूत्रं जोडली जाऊन हे एक झालंय. देवानं माणूस कसा घडवला त्याची ही खूण त्यानंच आपल्या आत ठेवलीय, असं मी मानते. ती पुसायचा अधिकार मला नाही.

मग श्रद्धेनं विज्ञानाला प्रश्न विचारायचाच नाही का? विचारायचा. मी आयुष्यभर विचारत आलेय. तो कुठे विचारायचा, हे मला माझ्या धाकट्या बहिणीमुळे कळलं. आमच्या घरी तिला सगळे धाकटीच म्हणतात. इथल्या बऱ्याच जणांनी तिला चर्चमध्ये पाहिलंय, पुढून दुसऱ्या बाकावर.

ती १९६८ साली मुंबईच्या एका इस्पितळात जन्मली. मी तेव्हा नऊ वर्षांची होते, मावशीबरोबर बाहेरच्या बाकावर बसले होते. डॉक्टरांनी बाबांना आत बोलावलं आणि इंग्रजीत जे सांगितलं, ते बाबांनी घरी आल्यावर आईला सांगितलं. मुलगी ‘मंगोल’ आहे (आज याला डाऊन सिंड्रोम म्हणतात). शिकणार नाही, घरच्यांना धड ओळखणारही नाही, दहा-बारा वर्षांपुढे जगणार नाही. एखाद्या संस्थेत ठेवा आणि पुढच्या मुलाचा विचार करा. डॉक्टर वाईट नव्हते हो. त्यांनी बाबांना खुर्ची दिली, पाणी दिलं, पाठीवर हात ठेवला. त्यांच्या पुस्तकात जे छापलेलं होतं तेच त्यांनी सांगितलं.

आई चौथी शिकलेली. ती धाकटीला मांडीवर आडवं घेऊन तेल चोळत होती. बाबांचं बोलून झालं तरी तिचा हात थांबला नाही. मग म्हणाली, ‘वजन मोजलं, डोकं मोजलं, ते ठीक. पण ही आपल्याला ओळखणार नाही, हे त्यांनी कशानं मोजलं?’

माझं आजचं सगळं भाषण म्हणजे आईचा हा एक प्रश्न आहे.

‘मंगोल’ हा शब्द कुठून आला पाहा. जॉन लँगडन डाऊन हे इंग्लंडमधले डॉक्टर. १८६६ साली त्यांनी मंदबुद्धी म्हणून संस्थेत ठेवलेल्या मुलांची वर्गवारी केली, ती चक्क चेहऱ्यांवरून, मानववंशांची नावं देऊन. या मुलांचे डोळे त्यांना मंगोलियातल्या लोकांसारखे वाटले, म्हणून हे नाव. त्यांनी या मुलांची निरीक्षणं फार बारकाईनं केली होती आणि त्यातली पुष्कळ आजही बरोबर आहेत. पण त्या निरीक्षणांना त्यांनी जी चौकट घातली, ती मात्र मोजून काढलेली नव्हती. ती त्यांच्या काळाच्या हवेतच होती. शंभर वर्षं हे नाव चाललं. १९६५ साली मंगोलियानंच जागतिक आरोग्य संघटनेला विनंती केली, तेव्हा कुठे ते अधिकृत व्यवहारातून गेलं. आमच्या डॉक्टरांपर्यंत ती बातमी तीन वर्षांनंतरही पोचलेली नव्हती.

आता दुसरी गोष्ट, माझ्या विषयाच्या अभिमानाची. १९२३ साली थिओफिलस पेंटर या अमेरिकी शास्त्रज्ञानं माणसाच्या पेशीतली गुणसूत्रं मोजली आणि आकडा दिला ४८. पुढची तीसेक वर्षं जगभर ४८च शिकवलं गेलं. स्वीडनमधल्या लुंडला १९५५च्या डिसेंबरात जो हिन त्जिओ पेशी पाहत बसले होते. हे मूळचे जावा बेटावरचे. नव्या पद्धतीनं गुणसूत्रं नीट पसरवून पाहिली, तर ती ४६ भरली. त्यांनी आणि आल्बर्ट लेव्हान यांनी पुढच्या वर्षी ते प्रसिद्ध केलं आणि ४८चा आकडा पडला. हे मी वर्गात दर वर्षी सांगायची. यात श्रद्धेचं काही काम नव्हतं, हेही सांगायची. मोजण्यात चूक झाली होती, जास्त चांगल्या मोजणीनं ती सुधारली. तिथे आपण बायबल उघडून मध्ये पडायचं कारण नाही.

४६ हा आकडा पक्का झाला म्हणूनच तीन वर्षांत पॅरिसमध्ये कुणाला तरी ४७ ओळखता आलं. जानेवारी १९५९मध्ये जेरोम लेज्युन, मार्थ गोतिए आणि रेमों तुर्पें या तिघांच्या नावानं तो निबंध आला: या मुलांमध्ये एकविसाव्या क्रमांकाची गुणसूत्रं दोनऐवजी तीन असतात. लेज्युन श्रद्धावंत कॅथलिक. २०२१ साली चर्चनं त्यांना ‘पूजनीय’ घोषित केलं. आपल्या प्रार्थनागटांत त्यांचं नाव घेतलं जातं, मीही घेते. पण खरं बोलायचं तर पुरतं बोलावं. पेशी वाढवण्याचं मुख्य काम मार्थ गोतिए यांचं होतं, आपलं श्रेय मागे ढकललं गेलं असं त्यांनी पुढे लिहून ठेवलंय, आणि ते वाचल्यावर मला त्यांची बाजू पटते. आपला माणूस धार्मिक आहे म्हणून दुसऱ्याचं श्रेय झाकायचं, यानं सुवार्तेची शोभा वाढत नाही.

कॉलेजात पहिल्यांदा या ४७ गुणसूत्रांचा फोटो पाहिला तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. जोड्या लावलेल्या, मोठ्यापासून लहानापर्यंत. आणि शेवटच्या ओळीत २१ या आकड्यावर बोटाच्या पेरासारखी तीन बारकी कांडी. मी त्यावर बोट ठेवून किती तरी वेळ बसले. माझ्या धाकटीची मान उशिरा धरणं, तिची जाडसर जीभ, तिच्या हृदयातला आवाज, या सगळ्याचं मूळ एवढंसं. आईनं केलेल्या कुठल्या पापात नाही, ग्रहणात नाही. शेजारपाजारचे, आपल्याच चर्चमधले लोकही आईला विचारायचे, ‘काय झालं असेल गं?’ जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी येशूला हेच विचारलं होतं, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापाचं? आणि येशू म्हणाला, दोघांचंही नाही. योहानाच्या नवव्या अध्यायातला हा प्रसंग आईला पाठ होता. त्या फोटोनं मला येशूचंच उत्तर दुसऱ्या भाषेत दिलं. विज्ञानाचे माझ्यावर हे उपकार आहेत आणि ते मी विसरणार नाही.

पण ४७ हा आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही? हृदयात दोष असू शकेल, हे सांगतो. थायरॉइड बिघडेल, स्नायू सैल असतील, शिकायला वेळ लागेल, हेही सांगतो. हे जीवन जगण्याच्या लायकीचं नाही, हे वाक्य त्यात कुठेच नाही. ते बाहेरून येतं, पांढरा कोट घालून येतं आणि त्या आकड्याच्या शेजारी असं बसतं की दोन्ही एकाच प्रयोगशाळेतून आलीत असं वाटावं. माझा प्रश्न या शेजारी येऊन बसलेल्या वाक्याला आहे.

हे वाक्य कधी काळी प्रतिष्ठित विज्ञान होतं. आपण त्याला सुप्रजननशास्त्र म्हणतो. डार्विनचे नातलग फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८३ साली त्याला नाव दिलं, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोठमोठ्या विद्यापीठांत ते शिकवलं जात होतं. चांगल्या लोकांची संतती वाढवा, ‘हलक्या’ लोकांची थांबवा. ऐकणाऱ्याला ते सुधारकी वाटायचं. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यानं १९०७ साली सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला. मग व्हर्जिनियातल्या कॅरी बक नावाच्या तरुणीचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. तिची आई मंदबुद्धी ठरवलेली, ती स्वतः मंदबुद्धी ठरवलेली, आणि प्रश्न होता तिच्या तान्ह्या मुलीचा. सात महिन्यांच्या त्या बाळाकडे पाहून एका समाजसेविकेनं साक्ष दिली की हिच्या दिसण्यात काहीतरी ठीक वाटत नाही. बस, एवढंच. कशानं मोजलं, हे कुणी विचारलं नाही. २ मे १९२७ रोजी आठ विरुद्ध एक अशा मतांनी नसबंदीला मान्यता मिळाली. निकालपत्र लिहिणारे ऑलिव्हर वेंडेल होम्स हे त्या देशातले अतिशय विद्वान न्यायाधीश, आणि त्यांनी लिहिलं, मंदबुद्धींच्या तीन पिढ्या पुरे झाल्या. विरोधात गेलेले एकटे न्यायाधीश पिअर्स बटलर कॅथलिक होते. त्यांनी कारण लिहून ठेवलं नाही. त्यांच्या धर्मानं त्यांना तिथे उभं केलं असेल असं मला मनापासून वाटतं, पण ते माझं वाटणं आहे, पुरावा नाही.

त्या बाळाचं नाव व्हिव्हियन. ती शाळेत गेली. १९३१ साली शाळेच्या गुणवंत विद्यार्थ्यांच्या यादीत तिचं नाव लागलं. पुढच्या वर्षी, आठ वर्षांची असताना ती आजारानं गेली. मी ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून स्वयंपाकघरात गेले. धाकटी तिथे शेंगा सोलत बसली होती, तिच्या शेजारी जाऊन बसले.

अमेरिकेत साठ हजारांहून जास्त माणसांची अशी नसबंदी झाली. जर्मनीत १९३३ साली नाझींनी असाच कायदा केला आणि सुमारे चार लाख माणसं त्याखाली आली. मग नसबंदीवरून गोष्ट ठार मारण्यावर गेली. १९४१च्या ऑगस्टपर्यंत संस्थांमधल्या सत्तर हजारांहून अधिक अपंग आणि मनोरुग्ण माणसांना विषारी वायूनं मारलं. त्यात माझ्या धाकटीसारखी मुलं होती. फॉर्म भरणारे, सही करणारे डॉक्टर होते.

या काळात आपलं चर्च कुठे होतं? थोडी लाज आणि थोडा अभिमान, दोन्ही आहे. अमेरिकेत १९२६ साली सुप्रजननावरच्या उत्तम प्रवचनाला बक्षीस ठेवलं गेलं आणि पाळकांनी हौसेनं प्रवचनं पाठवली. जर्मनीतल्या काही ख्रिस्ती संस्थांनी नसबंदीला मान डोलावली. नव्या काळाबरोबर राहायचं होतं त्यांना. दुसऱ्या बाजूला, इंग्लंडमध्ये जी. के. चेस्टरटन यांनी १९२२ साली या शास्त्राविरुद्ध अख्खं पुस्तक लिहिलं. १९३०च्या शेवटच्या दिवशी पोप अकरावे पायस यांनी विवाहावरच्या विश्वपत्रात सक्तीच्या नसबंदीचा स्पष्ट निषेध केला. तेव्हा लोक म्हणाले, चर्च पुन्हा विज्ञानाच्या आड येतंय, गॅलिलिओच्या वेळचंच हे. आणि ३ ऑगस्ट १९४१ रोजी म्युन्स्टरच्या सेंट लॅम्बर्ट चर्चमध्ये बिशप फॉन गालेन प्रवचनपीठावर चढले. त्यांनी या हत्या उघड सांगितल्या आणि विचारलं, माणूस उत्पादक आहे तोवरच त्याला जगण्याचा हक्क आहे का? तसं असेल तर आपण म्हातारे झाल्यावर आपलं काय? प्रवचनाच्या प्रती हातोहात फिरल्या. तीन आठवड्यांत हिटलरनं तो कार्यक्रम थांबवायचा आदेश दिला. चोरून हत्या चालूच राहिल्या, पण सांगणारा एक तरी उभा राहिला होता.

मात्र एवढ्यावर थांबले तर मी तुमची फसवणूक करेन. प्रवचनानं कायदा हलतो, पण शास्त्रातली चूक काढायला शास्त्रच करावं लागतं. आपल्या इरावती कर्वे तरुणपणी बर्लिनला गेल्या, ऑयगेन फिशर यांच्याकडे पीएच.डी. करायला. हेच फिशर पुढे नाझींच्या वंशकायद्यांचे आधार झाले. गोऱ्या युरोपीयांच्या कवटीची ठेवण वेगळी, म्हणून त्यांची बुद्धी श्रेष्ठ, असं त्यांचं म्हणणं, आणि त्याला आधार मिळावा म्हणून काम दिलं विद्यार्थिनीला. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि लिहिलं, वंशाप्रमाणे असा फरक दिसत नाही. परक्या देशात, गुरूच्या तोंडावर. त्या काही ख्रिस्ती नव्हत्या. पण आईचा प्रश्न त्यांनी हातात मोजपट्टी घेऊन विचारला. आपल्या तरुणांनी नुसतं ‘आमची श्रद्धा आहे’ म्हणून घरी बसू नये, हे मी इरावतीबाईंच्या आधारानं सांगते. शिका. मोजा. जिथे मोजलेलं नाही तिथे बोट ठेवा.

धाकटीचं आयुर्मान पाहा ना. डॉक्टरांनी दहा-बारा वर्षं सांगितली होती आणि आकडेवारी तेव्हा जवळपास तशीच होती. १९८३च्या सुमारास अमेरिकेत अशा माणसांचं सरासरी आयुष्य २५ वर्षं होतं. आज ते साठच्या घरात आहे. एवढ्या वर्षांत बदललं काय? गुणसूत्रं तेव्हाही ४७ होती, आजही ४७ आहेत. बदललं हे की जवळजवळ निम्म्या मुलांच्या हृदयात जो दोष असतो, त्याची शस्त्रक्रिया व्हायला लागली. आधी ती करायचेच नाहीत, कारण ही मुलं फार जगत नाहीत असं पुस्तकात होतं. म्हणजे जगत नाहीत म्हणून उपचार नाहीत, आणि उपचार नाहीत म्हणून जगत नाहीत. तेच शिकण्याचं. शिकणार नाहीत म्हणून संस्थेत भिंतीकडे तोंड करून बसवायचं, आणि भिंतीकडे पाहून ती काही शिकली नाहीत की पुस्तकात तसं लिहायचं. आपलं मत स्वतःच आपला पुरावा तयार करत होतं. यातून बाहेर पडायला कुणीतरी पुराव्याच्या आधीच म्हणायला हवं होतं की हे मूल मोलाचं आहे, याच्यावर खर्च करा. माझी आई ते म्हणू शकली. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात, माणूस देवाच्या प्रतिरूपात घडवला आहे असं तिनं ऐकलं होतं आणि त्यात कुठलीही पुढची अट तिला ऐकू आली नव्हती.

अट घालणारे आपल्यातही होते. धाकटीच्या पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या वेळी तेव्हाच्या फादरांनी काळजीनंच विचारलं, ‘हिला कळेल का, ती काय घेतेय?’ आई म्हणाली, ‘फादर, मला तरी पुरतं कुठे कळतं?’ त्या वर्षी नाताळच्या आधी धाकटीनं पांढरा फ्रॉक घातला.

गर्भातच तपासणी होते त्या खोलीत आज आपल्या गावची तरुण जोडपी बसतात, मला माहीत आहे. लेज्युन यांना आपल्या शोधातून उपचार निघावा असं वाटत होतं. निघाली ती आधीच ओळखण्याची चाचणी, आणि त्याचं दुःख ते मरेपर्यंत बोलत राहिले. मी त्यांच्या बाजूची आहे. पण त्या खोलीत बसलेल्या मुलीवर मी दगड उचलणार नाही. माझी मागणी एवढीच की तिला आजचे आकडे सांगा, १९६८चे सांगू नका, आणि अशा एखाद्या घरी तिला एकदा नेऊन आणा. आमचं घर उघडं आहे.

आता शेवटचं, आणि हे बोलायला मला जड जातंय.

आमच्या वाडीत चाफ्याची झाडं आहेत. पहाटे फुलं काढायची, दहा-दहाच्या पुड्या बांधायच्या, आणि पहिल्या गाडीनं दादरला पाठवायच्या. धाकटीला मोजता येणार नाही असं सांगितलं होतं. आईनं तिला फुलांवर मोजायला शिकवलं. एक फूल, एक बोट. दोन्ही हातांची बोटं संपली की पुडी. त्याला तीन वर्षं लागली. मग तीस वर्षांहून जास्त काळ तिनं पुड्या बांधल्या आणि दादरचा फूलवाला तिची पुडी कधी मोजून घ्यायचा नाही. मी हे जगाला अभिमानानं सांगत आले, वर्गात, सभांमध्ये: बघा, तुम्ही म्हणत होता ही निरुपयोगी आहे.

आज ती ५७ वर्षांची आहे आणि दोन वर्षांपासून विसरायला लागलीय. एकविसाव्या गुणसूत्रावर एक जनुक आहे. मेंदूत अल्झायमरचा जो थर साठतो, त्याचं प्रथिन त्या जनुकापासून बनतं. तिच्याकडे त्याच्या तीन प्रती आहेत, म्हणून पन्नाशीतच हा आजार तिच्यासारख्या पुष्कळांना गाठतो. या विज्ञानालाही प्रश्न विचारावा असं मला फार वाटलं. रात्री उठून वाचलं, काही चुकतंय का शोधलं. ते नीट मोजलेलं आहे. मला ते स्वीकारावं लागतं, आणि माझी श्रद्धा मला ते नाकारायची सवलत देत नाही.

पण त्या रात्रींत माझी स्वतःची चूक मला दिसली. ती मोजते, ती कमावते, म्हणून ती मोलाची, असं मी इतकी वर्षं सिद्ध करत होते. म्हणजे फॉन गालेन ज्याच्या विरुद्ध बोलले, तीच पट्टी मी बहिणीला लावत होते, फक्त ती त्यात पास होत होती म्हणून मला कळलं नाही. आईनं ती पट्टी कधीच हातात घेतली नव्हती. मोजायला शिकवण्याआधी नऊ वर्षं तिनं धाकटीला तेल लावलं होतं.

धाकटी अजूनही पहाटे उठून ओट्यावर बसते. टोपली तिच्यापुढे ठेवतो. बोटं चालतात, पण मध्येच मोजणी सुटते. आज सकाळी एका पुडीत सात फुलं होती, एकीत तेरा. माझा भाचा त्या तिच्या हातूनच घेतो, ‘आत्या, झालं ना?’ म्हणून विचारतो, ती मान हलवते, तो पिशवीत ठेवतो. गाडीत बसायला जागा मिळाली की मांडीवर पिशवी घेऊन, एकेक पुडी सोडून, तो त्या दहा-दहाच्या करतो.